जिमनॅस्टिक्स कोचचं मानधन वाढवायचं कसं: ठाणे-नवी मुंबईतल्या कोचसाठी एकेक पायरी

मागच्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला, "ताई, ऐरोलीच्या एका शाळेत सेशनचे ३०० देतो म्हणतायत, हो म्हणू का?" मी तिला फोन लावला आणि तासभर बोललो आम्ही. ती नऊ वर्षांची असताना माझ्याकडे आली होती, आता बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) झाली आहे आणि हात इतका चांगला आहे तिचा की मूल पडायच्या आधी तिचा हात तिथे पोचलेला असतो. आणि तरी तिला स्वतःची किंमत सांगता येत नव्हती. मलाही येत नव्हती तिच्या वयात, त्यात माझी सहा-सात वर्षं गेली. म्हणून जे तिला सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतेय.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याला पैसे हाताचे मिळतात, म्हणजे स्पॉटिंगचे (कसरत करताना मूल पडू नये म्हणून हात लावून सांभाळण्याचे), मुलांना उचलण्याचे, रोज मॅटवर उभं राहण्याचे. पण हात, खांदा, कंबर हे कायम असेच राहणार नाहीत. त्यामुळे हात चांगले आहेत तोपर्यंत कमाई हळूहळू दुसऱ्या गोष्टींवर न्यायची, म्हणजे कागद, नोंदी, जजिंग (स्पर्धेत गुण देणं), टीम. वर्षं नुसती मोजून मानधन वाढत नाही, दहा वर्षं एकाच रेटवर शिकवणारे कोच मी बघितलेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले कोच होते.

पायरी पहिली: तासांची डायरी

महिनाभर एक वही ठेवा, मोबाईलमधे ठेवली तरी चालेल. घरातून किती वाजता निघालात, किती वाजता परत आलात, त्यातले किती मिनिटांचे पैसे मिळाले आणि प्रवासात किती गेले, एवढंच लिहायचं.

ऐरोलीचंच उदाहरण घ्या. समजा तुम्ही नौपाड्यात राहता. शाळेत ३ ते ५ अशी दोन सेशन, ३०० प्रमाणे ६०० रुपये. ऐकायला दोन तासांचे ६०० छान वाटतं. पण तुम्ही पावणेदोनला घर सोडता, ठाणे स्टेशनला ट्रान्सहार्बरची गाडी, ऐरोलीला उतरून रिक्षा, शाळेच्या गेटवर सही, मग मॅट काढायच्या, सेशन संपल्यावर त्या परत रचायच्या आणि घरी येईपर्यंत सहा. सव्वाचार तास झाले. जाण्यायेण्याचे ६० रुपये वजा केले तर ५४० उरले, म्हणजे तासाला साधारण १२७ रुपये. आता समजा तुमच्याच भागातल्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधे आठ मुलं आहेत, महिन्याला १,२०० रुपये फी आणि बारा सेशन. एका सेशनचे ८०० झाले, त्यातून हॉलचे १५० काढले तर ६५० उरतात आणि सगळं मिळून दीड तास जातो. म्हणजे तासाला ४३३. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला, पण फरक कुठून येतो ते दिसेल. मी असं म्हणत नाहीये की शाळा सोडा. शाळेतून मुलं कळतात, नाव होतं, स्पर्धेच्या एन्ट्रीज तिथूनच जातात. पण ऐरोलीला जायचंच असेल तर दोन सेशनसाठी जाऊ नका, चार एकत्र मागा किंवा त्याच दिवशी घणसोली-कोपरखैरणेचं काम लावून घ्या.

दुसरं, वर्षाचा हिशोब करा, महिन्याचा नको. पहिल्या वर्षी मला वाटायचं की माझे महिन्याला १२ हजार होतात. मार्चमधे पासबुक घेऊन बसले तर वर्षाची बेरीज ८७ हजार निघाली, म्हणजे महिन्याला ७,२५०. बाकीचे गेले कुठे? मे महिना सुट्टी, गणपती, दिवाळी, दोन परीक्षा, गॅदरिंगच्या प्रॅक्टिससाठी हॉल दिला म्हणून सेशन रद्द, जुलैत ट्रेन बंद म्हणून शाळा बंद. यातल्या एकाचेही पैसे मिळत नव्हते आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

पायरी दुसरी: काम कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखा

व्यायामशाळा आणि मंडळात मानधन कमी असतं पण तिथे शिकायला मिळतं तेवढं कुठे नाही, पहिली दोन वर्षं तिथे काढली तर वाया जात नाहीत. फक्त दोनच वर्षं, हे मनाशी ठरवून घ्या.

प्रायव्हेट अकॅडमीत एकतर ठरलेला पगार नाहीतर बॅचच्या फीमधला टक्का. टक्का असेल तर एकच प्रश्न विचारायचा, कशाचा टक्का? जमा झालेल्या फीचा की हॉलभाडं वजा करून उरलेल्याचा? यात खूप फरक पडतो आणि बहुतेक वेळा तोंडी बोलताना हे स्पष्ट होतच नाही.

शाळेत दोन प्रकार. शाळेने थेट घेतलेला कोच आणि व्हेंडरमार्फत गेलेला कोच. व्हेंडर शाळेकडून एक रक्कम घेतो आणि त्यातून आपल्याला देतो. त्यात त्याचा वाटा असणारच, तो कामं आणतो, बदली कोच पाठवतो, बिलं काढतो. पण करारात असं लिहिलेलं असतं का बघा की सोडल्यावर अमुक महिने त्याच शाळेत थेट काम करायचं नाही. सही करण्याआधी ते वाचा आणि कालावधी कमी करून घ्यायचा प्रयत्न करा, तो होतो कमी.

घरी जाऊन एकेका मुलाला शिकवणं, म्हणजे पर्सनल, यात तासाचा रेट सगळ्यात चांगला. पण घरात क्रॅश मॅट, म्हणजे पडल्यावर लागू नये म्हणूनची जाड मॅट, नसते, उंची नसते, त्यामुळे लवचिकता, ताकद आणि पायाभूत गोष्टी एवढंच घ्या. हॉलच्या टाइल्सवर बॅक हँडस्प्रिंग (मागे उडी घेऊन हातांवरून उलटणं) नाही म्हणजे नाही, पालक कितीही म्हणाले तरी.

पायरी तिसरी: कोर्स कोणता आणि कधी

इथे खूप जण पैसे आणि वर्षं घालवतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाळेत कायमची नोकरी हवी असेल तर बीपीएड लागतं, तो शारीरिक शिक्षकाचा रस्ता आहे. कोच म्हणून ओळख हवी असेल तर पतियाळाची एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था. १९६१ साली सुरू झालेली ही संस्था आता साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, अखत्यारीत आहे. तिथे सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो आणि वर्षभराचा डिप्लोमा. सहा आठवड्यांवाल्याने प्रायव्हेटमधे आणि शाळेत तुमचा रेट वाढतो, कारण प्रिन्सिपल आणि पालक दोघांनाही एनआयएस हे नाव माहीत असतं. पण सरकारी नोकरीत डिप्लोमा आणि सर्टिफिकेट सारखं धरत नाहीत. २०२१ मधे साईने सगळ्या खेळांसाठी असिस्टंट कोच आणि कोचच्या करारावरच्या जागा काढल्या होत्या, त्यात असिस्टंट कोचचं वेतन महिना ४१,४२० पासून आणि कोचचं १ लाख ५ हजारापासून होतं, आणि फार मोठी पदकं किंवा आंतरराष्ट्रीय खेळ नावावर नसेल तर डिप्लोमा लागतच होता. आपल्या राज्याच्या क्रीडा खात्यात क्रीडा मार्गदर्शक हे पद आहे, तिकडे जायचं असेल तरी डिप्लोम्याचाच विचार करा. म्हणून माझं मत असं आहे की वय २५ च्या आत असेल, घरची जबाबदारी नसेल तर सरळ डिप्लोमाच करा. लग्न झालंय, मूल लहान आहे, वर्षभर पतियाळाला राहणं शक्य नाही, तर सहा आठवडे करा आणि त्याचा पूर्ण उपयोग करून घ्या. मी दुसऱ्या गटातली, आईने माझी लेक सांभाळली म्हणून ते सहा आठवडे झाले.

त्याच्या पुढे एफआयजीच्या अकॅडमीचे कोर्स आहेत, लेव्हल एक ते तीन. एफआयजी म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघ. ते रोजच्या शाळेच्या बॅचसाठी लागत नाहीत, स्पर्धेची मुलं घडवायची असतील तर करा.

आणि जजिंग. हे मी सगळ्यांना सांगते आणि फार कमी जण ऐकतात. जजिंगचं मानधन फार नसतं, पण त्याने तुमचं शिकवणं बदलतं. एक्झिक्युशनमधे, म्हणजे कसरत किती स्वच्छ केली त्यात, छोटी चूक ०.१, मधली ०.३, मोठी ०.५ आणि पडलं तर पूर्ण १ गुण जातो. हे एकदा डोक्यात बसलं की तुम्ही मुलीला नवीन अवघड एलिमेंट (एकेक कसरत) द्यायच्या आधी तिचे वाकलेले गुडघे सरळ करता, कारण तिथेच तीन ठिकाणी ०.३ जात असतात. नियमांचं पुस्तक, म्हणजे कोड ऑफ पॉइंट्स, ऑलिम्पिकच्या चक्राबरोबर दर चार वर्षांनी बदलतं, सध्या २०२५ ते २०२८ चं चालू आहे. ज्या कोचला चालू कोड पाठ आहे त्याला दुसऱ्या अकॅडम्या रुटीन (स्पर्धेत सादर करायचा कसरतींचा क्रम) बसवायला बोलवतात आणि ते काम हाताचं नाही, डोक्याचं आहे.

कोणता प्रकार धरायचा हेही पैशाशी जोडलेलं आहे. आर्टिस्टिकला, म्हणजे मोठ्या उपकरणांवरच्या जिमनॅस्टिक्सला, मुलींची चार आणि मुलांची सहा उपकरणं लागतात, नुसता बीम (तोल सांभाळत चालायची तुळई) म्हटला तरी पाच मीटर लांब आणि वर उभं राहायला फक्त १० सेंटिमीटर. एवढं सामान आणि तेवढी जागा असलेले हॉल आपल्याकडे मोजके, म्हणजे तुम्ही कायम कुणाच्या तरी हॉलवर अवलंबून. रिदमिकला, म्हणजे संगीतावर हातात साहित्य घेऊन करायच्या प्रकाराला, १३ बाय १३ मीटरची मॅट आणि उंच छत लागतं, पण हूप, बॉल, क्लब्ज, रिबन हे मूल स्वतःचं आणतं. शिवाय ठाण्यात रिदमिकची ओळख आहे, ठाण्याच्या संयुक्ता काळेने २०२२ मधे पंचकुलाच्या खेलो इंडिया युथ गेम्समधे पाच सुवर्णपदकं घेतली तेव्हापासून पालक स्वतःहून विचारत येतात. आणि मल्लखांब येत असेल तर तो सोडू नका, त्याच खेलो इंडियात तो पहिल्यांदा आला, आणि शाळेला एकाच कोचमधे दोन खेळ मिळाले तर तुमच्या दिवसाची सेशनं वाढतात.

कोर्सचे पैसे अकॅडमीकडे मागता येतात हे मला फार उशिरा कळलं. अर्धी फी तुम्ही द्या, मी एक वर्ष सोडून जाणार नाही, असं लिहून द्यायचं. बऱ्याच मालकांना हे पटतं, त्यांनाही एनआयएसवाला कोच जाहिरातीत हवाच असतो.

पायरी चौथी: मुलांच्या नोंदी

मानधन मागताना "मी खूप मेहनत घेते" हे वाक्य चालत नाही, सगळेच घेतात. कागद लागतो.

प्रत्येक मुलाचं एक पान करा. मी काय लिहिते ते दाखवते. एका मुलीचं बॅक वॉकओव्हरचं (मागे कमान करून एकेक पाय वरून नेण्याचं) पान आहे: जूनमधे कमान भिंतीला धरून, खांदे उघडत नाहीत. जुलैत माझे दोन्ही हात, एक कंबरेखाली, एक मांडीला. ऑगस्टच्या शेवटी एकच हात कंबरेला, पाय वर जाताना थांबते, घाबरते. सप्टेंबरमधे दोन बोटं लावली, भार माझ्यावर शून्य. दिवाळीनंतर मी फक्त शेजारी उभी, हात मागे. पाच ओळी आहेत, पण पालक मीटिंगला हे पान वाचलं तेव्हा तिच्या आईला पहिल्यांदा कळलं की पाच महिने तिची मुलगी नक्की काय करत होती. त्यांनी लगेच वर्षाची फी भरली.

याच्याबरोबर दोन आकडे ठेवा. जूनमधे बॅचमधे किती मुलं होती आणि त्यातली मार्चमधे किती राहिली. शाळेला किंवा मालकाला पदकापेक्षा हा आकडा जास्त कळतो. पदकंही लिहा, जिल्हा, विभाग, राज्य अशी वेगवेगळी, सर्टिफिकेटच्या झेरॉक्ससकट. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात आणि राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे पालक ही सर्टिफिकेटं नंतर शोधत येतात, आणि कोचकडे ती नीट ठेवलेली सापडली की विश्वास बसतो.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष मागणी

वेळ महत्त्वाची. शाळेकडे जानेवारी-फेब्रुवारीत मागा, पुढच्या वर्षाचं बजेट तेव्हा बसतं. जूनमधे मागितलं तर "आता पुढच्या वर्षी बघू" हेच ऐकायला मिळतं. अकॅडमीकडे मार्चअखेर, मे महिन्याच्या कॅम्पच्या आधी, कारण तेव्हा त्यांना तुमची सगळ्यात जास्त गरज असते.

आधी लेखी पाठवा, मग भेटा. मी असं लिहिते: "सर, यावर्षी जूनमधे ३२ मुलं होती, आज २७ आहेत आणि ९ नवीन आली. जिल्हास्तरावर ४ मुली खेळल्या. मी यावर्षी जजिंगचा कोर्स पूर्ण केला. जूनपासून सेशनचे ४५० रुपये करावेत अशी विनंती आहे. या आठवड्यात भेटायला कधी येऊ?" एवढंच. आकडा तुम्हीच टाका, "तुम्हाला योग्य वाटेल ते" असं कधीही लिहू नका.

समोर बसल्यावर ते म्हणतील बजेट नाही. खरंच नसेलही. मग रेट सोडून बाकीचं मागा, आणि मला वाटतं बऱ्याचदा तेच जास्त मोलाचं असतं. महिन्याला कमीत कमी इतकी सेशन नक्की. आदल्या दिवसापर्यंत न कळवता रद्द झालेल्या सेशनचे पैसे. एक मदतनीस. दोन नवीन मॅट. आणि स्पर्धेच्या दिवसांचा भत्ता, हा तर आधीच लिहून घ्या. माझ्याबरोबर काय झालं ते सांगते. एका अकॅडमीत असताना मी पाच मुलींना घेऊन तीन दिवस पुण्याला, बालेवाडीला गेले होते. पहाटेची गाडी, मुलींचे अंबाडे घालणं, डबे, एकीला ताप आला तर रात्रभर जागले. दोन पदकं आली, अकॅडमीने फोटो लावले. महिन्याच्या शेवटी माझे तीन दिवस कापलेले, हॉलवर गैरहजर म्हणून. मी भांडले नाही, रडले घरी येऊन. आज वाटतं की चूक कागदाची होती, माझ्याकडे एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती.

पायरी सहावी: कागद, टॅक्स आणि सुरक्षितता

पैसे बँकेतूनच घ्या. व्यावसायिक फी म्हणून एका ठिकाणाहून वर्षाला ५० हजारांच्या वर मिळत असेल तर बहुतेक संस्था १० टक्के टीडीएस कापतात, तो बुडत नाही, रिटर्न भरलं आणि उत्पन्न कमी असेल तर परत येतो. माझी एक मैत्रीण चार वर्षं रिटर्न न भरता राहिली, तेवढे पैसे अडकले आणि घराच्या लोनच्या वेळी दाखवायला काही नव्हतं. जिथे २० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे पीएफ लागू होतो, तुम्ही रोज ठरलेल्या वेळेला जाता, सुट्टी मागून घेता, तर तुम्ही कन्सल्टंट आहात की नोकरीवर, हे स्पष्ट विचारा.

आता मुलांची सुरक्षितता. आपल्या कामात मुलाला हात लावावाच लागतो, त्याशिवाय स्पॉटिंग नाही. म्हणून पहिल्याच दिवशी पालकांना बोलवून मी एका मुलावर करून दाखवते, हात कुठे लागतो आणि का. मुलालाही विचारून हात लावते, "आता कंबरेला धरतेय हं." बंद दाराआड एकटं मूल कधीच नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा आहे आणि त्यात काही कळूनही कळवलं नाही तर तोसुद्धा गुन्हा आहे, हे प्रत्येक कोचला माहीत हवं. पोलिस व्हेरिफिकेशन स्वतःहून करून फाइलमधे ठेवा. फर्स्ट एडचा कोर्स करा, स्वतःचा अपघात विमा काढा, पालकांचं संमतीपत्र घ्या ज्यात आधीची दुखापत, दमा, फिट येणं हे सगळं विचारलेलं असेल. चांगल्या शाळा आता ही फाइल बघूनच कोच निवडतात.

पायरी सातवी: हात थकायच्या आधी वर सरका

साधारण ३५ च्या पुढे खांदा बोलायला लागतो. माझा उजवा बोलतोय. म्हणून ३० ला असतानाच ठरवा की पुढचं पद कोणतं. हेड कोच म्हणजे दुसऱ्या कोचेसचं वेळापत्रक आणि शिकवण्याचा आराखडा. शाळांच्या ग्रुपमधे स्पोर्ट्स कोऑर्डिनेटर असतो. नाहीतर रुटीन बसवणं, जजिंग, नव्या कोचना शिकवणं. यासाठी आत्तापासून मोठ्या मुलींमधून दोघी-तिघींना मदतनीस म्हणून तयार करा आणि त्यांना पैसे द्या, फुकट राबवू नका, आपल्याला कसं वाटायचं ते आठवा. वेज मॅट (उतार असलेली मॅट) आणि ब्लॉक वापरून जे काम होतं तिथे स्वतःची कंबर लावू नका.

द्रोणाचार्य पुरस्कार २०१६ मधे बिश्वेश्वर नंदींना मिळाला, दीपा कर्माकरचे कोच. रिओ ऑलिम्पिकमधे ती व्हॉल्टला (धावत येऊन टेबलावरून उडी) चौथी आली त्याच वर्षी. त्रिपुरासारख्या ठिकाणी अपुऱ्या सामानावर त्यांनी तिला लहानपणापासून घडवलं. एकाच मुलावर इतकी वर्षं देणं हा पण करिअरचा एक रस्ता आहे, फक्त तो निवडला तर घर चालवायला दुसरी नियमित कमाई लागते हे आधी घरच्यांशी बोलून घ्या.

पायरी आठवी: स्वतःची बॅच

लगेच घोडबंदरला हॉल भाड्याने घेऊ नका. आधी शाळेशी बोला, संध्याकाळी त्यांचा हॉल रिकामा असतो, भाड्याऐवजी फीमधला वाटा द्यायचा. म्हणजे मुलं कमी झाली तर भाडंही कमी. मे महिन्यात कॅम्पला हॉल भरतो, जूनमधे निम्मी मुलं जातात आणि पावसात अजून गळतात, खारघर-कामोठ्याहून येणारे तर जुलैत दिसतच नाहीत. त्यामुळे तीन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय भाड्याचा करार करू नये असं मला ठाम वाटतं. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) करून घ्या, ती मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी येतो. खेळाच्या कोचिंगला जी सूट आहे ती जुलै २०२२ पासून फक्त नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थांना राहिली आहे, प्रायव्हेट अकॅडमीला नाही, तेव्हा फी ठरवतानाच ते धरा.

सामान घेताना क्रॅश मॅट आणि फ्लोअर मॅट नवीन घ्या, बाकी जुनं चालतं. आणि पावसाळ्यात मॅट रात्री उभ्या करून ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, आडव्या रचल्या की खालच्या दोघींना बुरशी येते.

त्या मुलीने शेवटी ऐरोलीच्या शाळेला काय कळवलं तेही सांगते. ३५० चा रेट, दिवसाला चार सेशन, रद्द झालेल्या सेशनचे निम्मे पैसे, सगळं ईमेलवर. शाळेने ३३० आणि तीन सेशनला हो म्हटलंय. ती सोमवारपासून जातेय.